वाचून दाखवण्याची अट

त्या अभ्यासाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी नंदुरबारला बालवाडीच्या शिक्षिका तयार करत होते. शाळेत पाऊल टाकण्याआधी लहान मुलांना काय काय येतं, हे निरनिराळ्या देशांत एकाच पद्धतीने पाहायचं, असा तो अभ्यास होता. शब्द किती कळतात, मोजता किती येतं, ऐकलेलं सांगता किती येतं, धीर किती धरवतो. साठचं दशक अर्धंअधिक सरलं असेल तेव्हा. आपल्या देशाची बाजू पुण्याचे एक प्राध्यापक सांभाळत होते. त्यांना शहरातली मुलं सहज मिळत होती. खेड्यातली आणि डोंगरातली हवी होती, आणि तिथे जाऊन राहील अशी शिकलेली बाई हवी होती. अशा बायका तेव्हा आमच्या भागात शोधाव्या लागत. म्हणून मी.

मी ते काम घेतलं आणि भांडून सोडलं. ‘भांडून’ हा शब्द प्राध्यापकांचा. पुढे त्यांनी कुणाकुणाला तसं सांगितलं आणि ते फिरून माझ्या कानावर आलं. मला तो शब्द मान्य आहे. भांडणच होतं ते.

मी मूळची ब्राह्मणपुरीची. आमचं घर गुजर शेतकऱ्यांचं, कापूस आणि केळी. घरात गुजरी बोलायचो, गल्लीत अहिराणी, आणि मराठी ही शाळेतल्या मास्तरांची आणि कचेरीतल्या लोकांची भाषा. तीन भाषांच्या तीन वेगळ्या जागा होत्या आणि आम्हा पोरांना त्यात काही विशेष वाटत नसे. विशेष वाटायचं ते बाहेरून आलेल्यांना. पुण्याला मी बालशिक्षणाचं शिकायला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुली माझं बोलणं ऐकून हसायच्या. मी वर्षभरात त्यांच्यासारखं बोलायला शिकले, आणि सुट्टीत घरी आले की पहिल्या दिवशीच पुन्हा माझ्यासारखं बोलायला लागायचे.

शिकून परत आले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक स्थळ पाहून ठेवलं होतं. मी नको म्हटलं. लग्न नको असं नव्हतं. ते घर नको होतं, कारण त्या लोकांनी निरोप पाठवला होता की मुलगी शिकलेली असली तरी बाहेर जाणार नाही ना, एवढं पक्कं करून घ्या. आबा पुष्कळ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र रोज त्यांना चहा नेऊन द्यायचे आणि रोज तेच विचारायचे: कापूस विकून झाला की खळ्याजवळची खोली रिकामी असते, तिथे लहान पोरांचा वर्ग भरवू का? शेवटी कंटाळून ते हो म्हणाले. महिना-दोन महिन्यांत हौस फिटेल असा त्यांचा अंदाज असावा.

वर्ग सुरू झाला. गावातल्या घरांतली पोरं आली आणि त्यांच्याबरोबर आमच्या सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतावर राबणाऱ्या भिल्ल कुटुंबांची पोरंही आली. त्यांच्या आया माझ्याच आईबरोबर शेतात असायच्या. पोरं दिवसभर बांधावर फिरायची. पहिल्या दिवशी एक चिमुरडी दाराशी उभी राहून म्हणाली, “बेन, मी बठू का?” मी म्हटलं, “बठ.” ती सगळ्यांच्या मधोमध येऊन बसली.

आठवडाभरात गावातले वजनदार गृहस्थ आबांकडे आले. बोलणं गोड होतं. मुलीचं काम चांगलंच आहे, पण भिल्लांच्या पोरांसाठी वेगळी वेळ ठेवली तर बरं, नाहीतर लोक आपापली पोरं काढून घेतील. आबांनी मला ओसरीवर बोलावलं आणि त्यांच्यासमोरच विचारलं, काय करतेस? मी म्हणाले, “आबा, खोली तुमची आहे. तुम्ही कुलूप लावा. मी त्यांना निंबाखाली बसवीन, पण बसवीन एकत्रच.”

ते गृहस्थ उठून गेले. दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं आली नाहीत. आबांनी कुलूप लावलं नाही, पण मला शाबासही म्हटलं नाही. त्यांनी एवढंच केलं की वर्गाच्या वेळेला आपली खाट उचलून खोलीच्या दाराबाहेर टाकली आणि तिथे वर्तमानपत्र वाचत बसू लागले. त्यांना ओलांडून आत येऊन आरडाओरडा करायची कुणाची छाती झाली नाही. कापूस वेचणीचे दिवस आले, घराघरांतल्या बायका शेतात गेल्या, पोरं सांभाळायला कुणी उरलं नाही, तेव्हा काढून नेलेली पोरं एकेक करून परत आली. मी त्यांना पुन्हा एकत्रच बसवलं.

पुण्याच्या त्या पहिल्या बैठकीला गेले तेव्हा माझ्याजवळ एवढी शिदोरी होती. मोठ्या टेबलाभोवती निरनिराळ्या देशांतून आलेली माणसं बसली होती. सगळ्यांच्या वतीने आखणी करणारी एक परदेशी बाई होती, उंच, पिकल्या केसांची, आकड्यांत पक्की. प्राध्यापकांनी तिला माझी ओळख करून देताना सांगितलं की या बाई मुलं जमवून देतील. मी लगेच म्हटलं की मुलं जमवायला मी आलेले नाही. प्रश्न कसे असावेत ते ठरवायला आले आहे. प्राध्यापक हसले. परदेशी बाई हसली नाही. तिने समोरचा चित्रांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, पाहा.

चित्रं सुबक होती. कुलूप, गालिचा, आगगाडी, केळं, छत्री. मुलाने नाव सांगायचं. मग ठोकळे मोजायचे, गोष्ट ऐकून परत सांगायची, आणि शेवटी एक धीराचा प्रयोग: मुलासमोर गोड खाऊ ठेवायचा, मी येईपर्यंत खाऊ नको म्हणून सांगायचं आणि बाहेर जायचं. हे सगळं प्रमाण मराठीत, छापलेल्या शब्दांत, एक अक्षर न बदलता. मी विचारलं, मुलाला मराठी येत नसेल तर? प्राध्यापक म्हणाले, शाळेत तर तीच आहे. मी म्हटलं, पण ही मुलं अजून शाळेत गेलेली नाहीत, आणि आपण म्हणतोय की शाळेआधी काय येतं ते पाहायचं आहे.

माझं म्हणणं टिपून घेतलं गेलं आणि आधी आहे तसं करून पाहू असं ठरलं. मी कबूल झाले, पण एक अट घालून ठेवली: पहिली फेरी मराठीत, तर दुसरी मुलांच्या घरच्या भाषेत. परदेशी बाईने मान हलवली.

पहिली फेरी आधी ब्राह्मणपुरीत केली. विचारायला पुण्याचे दोन पदवीधर आले होते, सभ्य आणि मेहनती. आमच्या शेजारच्या घरातलं पोर त्यांच्यासमोर बसलं. केळ्याचं चित्र दाखवल्यावर ते लगेच म्हणालं, “केय.” आमच्याकडे ळ नाही, डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया. पदवीधराने चुकीची खूण केली. मी थांबवलं. तो नम्रपणे म्हणाला, बाई, उत्तरात ‘केळं’ असं छापलं आहे. ज्या पोराच्या घराच्या मागच्या भिंतीला केळीची बाग लागलेली, त्याला केळं ओळखता येत नाही असं त्या दिवशी कागदावर उमटलं. मी ती खूण तिथल्या तिथे खोडली आणि शेजारी माझी सही केली. त्यावरून पुण्याहून समज आली की क्षेत्रावरील व्यक्तीने गुणांत फेरफार करू नये. मी उत्तर पाठवलं की फेरफार तुमच्या माणसाने केला, मी दुरुस्ती केली.

डोंगरातली फेरी नवापूर तालुक्यात, चिंचपाड्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर होती. आगगाडीने चिंचपाडा, पुढे पायवाट. तिथली माणसं घरात कोकणी बोलत. मी पुण्याला कळवलं की दुसऱ्या फेरीला कोकणी बोलणारी बाई लागेल. प्राध्यापकांनी तत्परतेने कळवलं की हरकत नाही, मुंबईत गोव्याचे एक पदवीधर गृहस्थ आहेत, त्यांना पाठवतो. आमच्या डोंगरातली कोकणी, म्हणजे तिथल्या आदिवासींची बोली, वेगळी आणि गोव्याची कोकणी वेगळी, हे ज्यांना ठाऊक नव्हतं ते ही मुलं किती शहाणी आहेत ते ठरवणार होते. मी गोव्याच्या गृहस्थांना येऊ नका म्हणून तार केली आणि माणूस माझा मीच शोधला.

ती चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करणारी तरुण बाई होती, त्याच डोंगरातली, सातवी झालेली. मी तिला काम समजावलं तेव्हा तिने पहिलंच विचारलं की मुलाला येत नसेल तर सांगायचं नाही का? मी म्हटलं, नाही. तिला ते पटत नव्हतं. सरावाला ती बसली आणि मूल जरा अडखळलं, की ही डोळ्यांनीच उत्तर सुचवायची. मी तिला पुनःपुन्हा थांबवलं, पुन्हा बसवलं. एकदा ती रागावली. म्हणाली, “बाई, लेकरू घाबरलंय आणि तुम्ही मला दगडासारखं बसायला सांगता.” मी म्हटलं, दगडासारखं नको, पण तू उत्तर दिलंस तर ते उत्तर तुझं होईल, त्याचं होणार नाही. हे मात्र तिला पटलं. मग तिने स्वतःच एक तोडगा काढला: प्रश्नाआधी मुलाशी हवा तितका वेळ गप्पा, आणि प्रश्न सुरू झाला की हात मांडीवर. तो तोडगा मी नियमावलीत घातला.

पण त्याआधी, पहिल्या फेरीच्याही अगोदर, पाड्यावरची सभा झाली. मी मुलांना नुसतं उचलून बसवणार नव्हते. आईबापांना विचारणार होते. संध्याकाळी कामावरून परतल्यावर लोक अंगणात जमले. हॉस्पिटलातली बाई माझं बोलणं त्यांच्या भाषेत सांगत होती. मग एका मुलीची आई, कडेवर धाकटं मूल घेतलेली, उभी राहिली. तिने जे विचारलं ते मला मराठीत करून सांगण्यात आलं: आमच्या लेकरांबद्दल तुम्ही काय लिहिणार, ते नेण्याआधी आम्हाला वाचून दाखवाल का?

असा प्रश्न पुण्याच्या टेबलावर कुणाच्या मनात आला नव्हता. माझ्याही नाही. मी हो म्हटलं.

पहिल्या फेरीत पदवीधरांसमोर त्या पाड्यावरची मुलं जवळजवळ काहीच बोलली नाहीत. काही रडली. त्या त्या प्रश्नापुढे शून्य पडत गेलं. दुसऱ्या फेरीला परदेशी बाई स्वतः आली. आगगाडीतून उतरली तेव्हा तिच्या हातात स्वतःची वळकटी होती आणि ती कुणाला उचलू देईना. पाड्यावर ती एका झोपडीच्या कुडाला टेकून, कुणाच्या नजरेत येणार नाही अशी बसली. हॉस्पिटलातली बाई मुलांशी कोकणीत बोलू लागली आणि तीच मुलं बोलू लागली. सगळी हुशार निघाली असं मी सांगणार नाही. काहींना मोजता आलं, काहींना नाही. एकाने गोष्ट निम्म्यातच सोडून आपल्या बकरीची गोष्ट सांगितली. मुलं होती, मुलांसारखी वागली.

धीराच्या प्रयोगाला सभेत उभ्या राहिलेल्या बाईचीच मुलगी होती. तिच्यासमोर गुळाचा खडा ठेवला, थांबायला सांगितलं, आणि आम्ही कुडाआड गेलो. ती जरा वेळ खड्याकडे पाहत बसली. मग उठली, खडा दगडावर फोडला, बाहेर जाऊन धाकट्या भावाच्या हातावर मोठा तुकडा ठेवला, परत आली आणि उरलेला तुकडा समोर ठेवून आमची वाट पाहत बसली. तो तिने आम्ही येईपर्यंत तोंडात घातला नाही.

नियमाप्रमाणे खडा फुटला म्हणजे धीर नाही. शून्य.

त्या दुपारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी आणि परदेशी बाई इंग्रजीत खूप वेळ बोललो. ती माझ्या बाजूची नव्हती, आणि म्हणूनच तिच्याशी बोलण्यात अर्थ होता. ती म्हणाली की प्रत्येक ठिकाणी प्रश्न बदलला तर आपण कशाशी काय ताडून पाहणार? एका देशात वीत, दुसऱ्यात हात, तिसऱ्यात पाऊल. मग उंची कोणाची किती? हा प्रश्न खोटा नव्हता. मी विचार करून उत्तर दिलं. म्हटलं, तुम्हाला जाणून काय घ्यायचंय ते ठरवा, आणि ते बदलू नका. मुलाला ओळखीच्या वस्तूचं नाव घेता येतं का, हे जाणायचं असेल तर ती वस्तू ओळखीची असली पाहिजे, आणि नाव त्याच्या घरातलं. चित्र सारखं ठेवलं म्हणून प्रश्न सारखा राहत नाही. तुमच्या शहरातल्या मुलाला मी नांगराच्या फाळाचं चित्र दाखवीन आणि शून्य देईन, चालेल?

ती म्हणाली, नाही चालणार. गुळाबद्दल मात्र ती हलली नाही. वाटून खाणं हा गुण आहे, पण आपण तो मोजत नाही आहोत, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मग तो प्रयोगच काढा, कारण ज्या घरात धाकट्याला आधी द्यायची शिकवण आहे तिथे तुमची सूचना मुलाला वाईट वागायला सांगते. तेही तिने मानलं नाही. पण मुलांची भाषा हा मुद्दा पुढच्या बैठकीत आपण स्वतः मांडू, असं तिने कबूल केलं आणि शब्द पाळला.

महिन्याभराने प्राध्यापकांचा मसुदा माझ्याकडे आला. मुंबईच्या मोठ्या बैठकीत तो ठेवायचा होता. त्यात डोंगरातल्या मुलांची फक्त पहिली फेरी होती. दुसरी फेरी प्रमाणित नाही म्हणून वगळली होती. आणि शेवटी एक वाक्य होतं: या मुलांमध्ये आकलनाची उपजत उणीव आढळते.

मी तो मसुदा घेऊन चिंचपाड्याची गाडी धरली.

हॉस्पिटलातली बाई माझ्याबरोबर पाड्यावर आली. लोक जमले. मी वाचत गेले, ती सांगत गेली. कोण आलं, काय विचारलं, कसं विचारलं. मग ते वाक्य आलं. मी वाचलं. ती सांगेना. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “हे मी यांना सांगणार नाही. तुम्ही वाचायचं कबूल केलं होतं, तुम्हीच सांगा.”

बरोबर होतं तिचं. मी उभी राहिले आणि मला येत होती तेवढ्या मोडक्यातोडक्या भाषेत, अहिराणी मिसळून, सांगितलं की पुण्याचे साहेब म्हणतात, तुमच्या लेकरांना जन्मापासूनच समज कमी आहे. मी जेव्हा जेव्हा हा प्रसंग सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की तिथे मोठा गोंधळ झाला असेल. तसं काही झालं नाही. लोक आपापसांत बोलले. मग गुळाच्या खड्याच्या मुलीची आई पुढे आली. या वेळी तिने दुभाषीण मागितली नाही, मला कळेल अशा सावकाश शब्दांत म्हणाली, “आमची लेकरं परत द्या.”

तिला कागद हवे नव्हते. त्या लिहिलेल्यातून आपली मुलं बाहेर काढून हवी होती.

मुंबईच्या बैठकीत माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि तेवढंच सांगितलं. चिंचपाड्याजवळच्या पाड्यावरच्या आईबापांनी आपली मुलं या अभ्यासातून परत घेतली आहेत. माझ्या हातात त्यांची जी उत्तरं आहेत ती मी देणार नाही. आधीच दिली आहेत ती वापरू नयेत. प्राध्यापक म्हणाले, “बाई, आईबापांना यातलं काय कळतं? हा शास्त्राचा प्रश्न आहे.”

मी म्हटलं, “सर, त्यांनी मुलं दिली होती तेव्हा तुम्हाला त्यांचं कळणं पुरेसं वाटलं होतं.”

मग मी माझ्या दोन अटी मांडल्या. पहिली, प्रत्येक मुलाला त्याच्या घरच्या भाषेत, तीच भाषा बोलणाऱ्या माणसाने विचारावं, आणि ज्याला तसं विचारलं गेलं नाही त्याच्यापुढे शून्य न मांडता ‘विचारले नाही’ असं मांडावं. दुसरी, मुलांबद्दल जे लिहू ते त्यांच्या आईबापांना आधी वाचून दाखवावं. जे त्यांच्या तोंडावर वाचता येत नाही ते लिहू नये.

पहिल्या अटीला परदेशी बाईने पाठिंबा दिला. दूरच्या एका डोंगराळ देशातून आलेले गृहस्थ तोवर अवाक्षर बोलले नव्हते. ते म्हणाले की आमच्याकडेही मुलं घरात एक आणि शाळेत एक भाषा बोलतात, आणि आम्हीही हीच चूक करत आलो आहोत. ती अट मंजूर झाली, सगळ्या देशांसाठी. पाड्यावरच्या मुलांची पहिली फेरी बाद झाली आणि तिच्याबरोबर ते वाक्यही गेलं. दुसरी अट मात्र फेटाळली गेली. परदेशी बाईनेही हात वर केला नाही. अव्यवहार्य आहे, ती म्हणाली. हजारो घरांत कोण जाऊन वाचणार? मी म्हटलं, हजारो घरांत जाऊन विचारणार आहात ना? मग तीच माणसं वाचतील.

निर्णय बदलला नाही. मी माझे कागद गोळा केले, राजीनामा तिथेच लिहून दिला आणि बाहेर पडले. प्राध्यापक दारापर्यंत आले. आवाज मऊ होता त्यांचा. म्हणाले की इतकं मिळालं, एवढ्यावर थांबावं माणसाने, नाव होईल तुमचं. मी म्हटलं, मी त्या अंगणात शब्द दिलाय, तुमच्या टेबलावर नाही.

मला परतीच्या प्रवासात वाईट वाटलं नाही असं नाही. ते काम मला आवडत होतं. प्रश्न कसा विचारावा, एका शब्दाने तो कसा सोपा होतो आणि एका शब्दाने कसा मोडतो, हे तासन्‌तास बसून ठरवण्यात जी गोडी होती ती मला पुढे कुठे मिळाली नाही. पण तोच प्रसंग पुन्हा आला असता तर मी तेच केलं असतं. आज माझ्या वयाचे लोक म्हणतात, थोडं नमतं घ्यायला हवं होतं. कशापुढे?

पुढे अभ्यास झाला म्हणे. कुठल्या कुठल्या देशांत झाला, काय निघालं, ते मी मागावर राहून पाहिलं नाही. परदेशी बाईचं एक पत्र आलं होतं. तिने गुळाचा प्रयोग काढून टाकला होता. कारण लिहिलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

मला दुसरं काम होतं. हॉस्पिटलातली ती तरुण बाई नोकरी सोडून आली आणि आम्ही दोघींनी त्या पाड्यावर बालवाडी सुरू केली. बोलणं, गाणी, मोजणी, सगळं कोकणीत. मराठी हळूहळू, पाहुणीसारखी. तपासायला अधिकारी आले. त्यांनी ऐकलं, आणि सांगितलं की माध्यम मराठी दाखवल्याशिवाय मान्यता मिळणार नाही. मी म्हटलं, दाखवू शकते, पण ते खोटं असेल. मान्यता मिळाली नाही. वर्ग चालू राहिला. पाड्यावरच्या लोकांनी कूड घालून दिला, शाकारणी केली, आणि पाऊस लागला की आळीपाळीने कुणी ना कुणी येऊन छप्पर पाहून जायचं.

वर्षातून दोनदा आम्ही आईबापांना बोलवायचो आणि प्रत्येक मुलाबद्दल काय लिहिलं आहे ते मोठ्याने वाचायचो. काही वेळा ते आमचं म्हणणं मान्य करत, काही वेळा वाद घालत. एकदा एका बापाने ठासून सांगितलं की माझ्या मुलीला वीसपर्यंत मोजता येतं, तुम्ही दहाच लिहिलंय. मुलीला उभं केलं. ती दहावर थांबली. बाप म्हणाला, घरी म्हणते. माझ्या जोडीदारणीने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने लेखणी उचलली आणि लिहिलं: घरी वीसपर्यंत, असं वडील म्हणतात. मग ते त्याला वाचून दाखवलं. तो हो म्हणाला आणि खाली बसला, आणि आम्ही पुढच्या मुलाचं नाव घेतलं.